नव्या नाकाची फेरी

पितळी हातोडा लोखंडावर बसला की येणारा आवाज दाराआडून कुणी खोकल्यासारखा असतो.

सुती कपडे. नायलॉन नाही. पैंजण नाहीत. चपलेला लोखंडी खिळे नाहीत. केसात पिन असेल तर गेटवर काढून ठेवा.

अप्पा भरल्या ताटावरून उठायचे. "पट्टा तापला," म्हणायचे, आणि खरकट्या हातानेच गिरणीकडे निघायचे.

११ ऑगस्ट. वास नाही. १२ ऑगस्ट. वास नाही. १३ ऑगस्ट. वास नाही. (लाइट गेली होती.)

कापराची वडी जिभेवर ठेवली तर आधी गार लागते, मग कडू.

चाकूरच्या स्टँडवर लातूरच्या गाडीची माणसं एका बाजूला उभी राहतात, नांदेडच्या गाडीची दुसऱ्या. कुणी सांगितलेलं नाही.

"ओ ताई, पिशवीत काय हाय तुमच्या? पेट्रोल घेऊन बसल्या का?"

हे शेवटचं वाक्य एसटीतल्या एका बाईचं. गुरुवारी संध्याकाळी मंजुश्री लातूरहून चाकूरला घरी येत होती आणि खिडकीपाशी बसलेल्या त्या बाईने तिच्याकडे बघत पदर नाकाला लावला. मंजुश्रीने पिशवी उघडून दाखवली. डबा, पाण्याची बाटली, छत्री. "पेट्रोल न्हाई हो मावशी." बाईने वाकून पाहिलं, मग तिच्या खांद्याजवळ नाक नेलं. "मग तुमच्या अंगालाच येऊन राहिलाय. डोकं चढलं माझं." ती रागाने बोलली नव्हती, एखाद्याच्या पाठीला चिखल लागलाय हे सांगावं तसं बोलली होती, आणि उठून पुढच्या बाकावर गेली. कंडक्टर तिकीट फाडता फाडता ओरडला, "बिडी पेटवू नका बे कुणी, ताईंच्या शेजारी." दोनतीन माणसं हसली. मंजुश्रीही हसली. मग तिने ओढणीचं टोक नाकाशी नेलं. काही नव्हतं. तिने जोरात श्वास ओढला. कापड होतं, कापडाचा खरखरीतपणा होता, थोडी हवा आत गेली. पुढे सरकलेली बाई अजून पदर सोडत नव्हती.

आणि तेवढ्यातच फोन आला, किंवा नंतर आला, तिला पुढे हे दोन्ही एकाच क्षणी झाल्यासारखं आठवत राहिलं. नांदेडहून भुजंग सर बोलत होते. एका खाजगी तपासणी लॅबचे प्रमुख. तिचं नाव त्यांच्यापर्यंत आलं होतं, कुठून ते त्यांनी सांगितलं नाही आणि तिने विचारलं नाही. तेल, पेंड, डाळी, मसाले, सगळ्याचे नमुने तपासायचे. पगार आताच्या दीडपट. राहायला खोली, लॅबपासून चालत पाच मिनिटं. "शनिवारी येऊन बघून जा, मॅडम. सोमवारी दुपारपर्यंत हो-नाही कळवा. जागा मी थांबवून ठेवतो." नोकरीला लागून तिला अडीच महिने झाले होते. हे तिने सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "मग तर चांगलंच. अजून मूळ धरलं नसेल." मूळ धरलं नसेल. ती आपल्या पायांकडे बघत बसली. बसच्या पत्र्यातून थरथर वर येत होती.

मूळ धरायचं होतं ती जागा लातूरच्या एमआयडीसीतली एक तेल मिल. सोयाबीन चेपून सगळं तेल निघत नाही, म्हणून त्याचे पोहे करून ते सॉल्व्हंटने धुतात. सॉल्व्हंट हे पेट्रोलच्या भावकीतलं पातळ पाणी. तेल घेऊन ते बाहेर येतं, तापवलं की उडून जातं, थंड केलं की परत पाणी होतं, पुन्हा पोह्यांवर. फिरत राहतं. मात्र कुठे फट मिळाली तर वाफ बाहेर पडते. ती धुरासारखी वर जात नाही. जमिनीलगत सरपटते, गटारात उतरते, खड्ड्यात बसून राहते आणि ठिणगीची वाट बघते. हे तिला पहिल्या दिवशी मलप्पांनी सांगितलं. मलप्पा बावीस वर्षं त्या प्लांटचे ऑपरेटर. "वाट बघती" असंच म्हणाले ते, घरातल्या म्हाताऱ्या माणसाबद्दल बोलावं तसं. भिंतीवर वास पकडणारं यंत्र होतं, पण भुशाच्या धुळीने ते दिवसातून दहा वेळा केकाटायचं, म्हणून कुणीतरी त्याला प्लास्टिकची पिशवी बांधली होती. हातात धरायचं दुसरं यंत्र दुरुस्तीला पुण्याला गेलं होतं. ते कधी गेलं ते कुणालाच आठवत नव्हतं. म्हणून फेरी. तिथे राहून माणसाचं नाक त्या वासाला मरतं, कुणाचं दोन महिन्यांत, कुणाचं वर्षात. म्हणून रोज सकाळी नऊला सगळ्यात नव्या माणसाने प्लांटभर फिरायचं. पंपांपाशी थांबायचं, गटाराच्या प्रत्येक जाळीशी वाकायचं, आणि वहीत लिहायचं. वास आहे. वास नाही. लॅबची केमिस्ट म्हणून तिला घेतलं होतं, पण तिथे सगळे तिला नवं नाक म्हणत. "आलं का नवं नाक?" "नाकाला चहा द्या." नवव्या दिवशी तिने वाफ थंड करणाऱ्या कंडेन्सरखाली वाकून हात वर केला होता. वास आहे. मलप्पा पाइपापाशी कान लावून म्हणाले, "कुठं, मला तर काय न्हाई." पण प्लांट थांबवला, पाइपाच्या जोडावरची फाटलेली रबरी चकती निघाली, आणि मॅनेजर गुरुपादप्पांनी सगळ्यांना पेढे वाटले. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, पोट पुढे, आवाज देवळातल्या नगाऱ्यासारखा. "सोन्याचं नाक हाय पोरीचं! विमा काढा त्याचा."

त्यानंतर तिने कधी हात वर केला नव्हता. बसमध्ये ती हे मोजत होती. नवव्या दिवसानंतरचे सगळे दिवस. त्यातले किती दिवस वास नव्हता, आणि किती दिवस नाक नव्हतं. यांच्यामध्ये कुठेतरी एक दिवस असणार, एक सकाळ, जेव्हा ती गटारापाशी वाकली असेल आणि खालून ते वर आलं असेल, तिच्या तोंडावरून, डोळ्यांवरून, केसांत शिरून गेलं असेल, आणि तिने सरळ उभं राहून झोकदार अक्षरात लिहिलं असेल. तिचं अक्षर चांगलं होतं. शाळेपासून.

घरी अव्वाने, तिच्या आईने, दूध तापायला ठेवलं होतं आणि ती मागच्या दारी दोरीवरचे वाळलेले कपडे काढत होती. मंजुश्री ओट्याशेजारीच उभी होती, डब्यांची झाकणं काढून एकेक हुंगत. हिंग. काहीतरी होतं, लांब, दुसऱ्याच्या घरात फोडणी दिल्यासारखं. धने, नाही. खोबरेल, नाही. विभूतीची वडी, नाही, पण विभूतीला तसाही वास नसतो, की असतो? तिला आठवेना. रोज सकाळी अव्वा हातावर इष्टलिंग घेऊन पूजेला बसते तेव्हा त्या खोलीला एक वास असतो हे तिला माहीत होतं, पण माहीत असणं आणि येणं यांच्यातली रेघ कुणीतरी पुसली होती. अव्वा धावत आत आली. "अगं करपलं की! उतू जाऊन करपलं. तू इथंच उभी हाईस आन तुला वास न्हाई आला?" पातेल्याच्या कडेने काळं फुगलं होतं. मंजुश्रीने ते डोळ्यांनी पाहिलं. "डोकं दुसरीकडं होतं, अव्वा." "दुसरीकडं म्हंजे कुठं?" मग तिने नांदेडचं सांगितलं. अव्वाचा, गुरम्माचा, चेहरा आधी उजळला आणि मग हिशेबी झाला. "दीडपट? आन खोली? मग इचार कशाचा करून राहिलीस?" "नवीनच लागलेय ना इथं." "नवीन हाय म्हणूनच सोडावं. जुनी झाली की नोकरी सोडवत न्हाई, नवऱ्यासारखी." स्वतःच्याच बोलण्यावर ती हसली आणि पातेलं घासायला घेतलं. राखेचा, करपल्याचा, साबणाचा कुठलाच वास न येता ती घासत राहिली, म्हणजे मंजुश्रीला न येता.

अप्पांची, तिच्या वडिलांची, पिठाची गिरणी घरापासून चार घरं सोडून होती. ते जेवायला बसत तेव्हा गिरणी सुरूच असे, दळणाच्या बायका डबे लावून बसलेल्या असत. आवाजावरून तर कुणालाही कळतं, अप्पा म्हणायचे, पण आवाज उशिरा येतो. आधी वास येतो. चामड्याचा पट्टा घसरायला लागला की पीठ, घाम, गल्लीतली म्हैस, अव्वाची आमटी, या सगळ्यांखालून एक बारीक दोरी त्यांच्यापर्यंत येई आणि ते उठत. मंजुश्री सातआठ वर्षांची असताना त्यांच्याबरोबर डोळे मिटून खेळायची. कुणाचं दळण आहे? ज्वारी. कुणाची ज्वारी? सांगून टाकायची. शेजारच्यांची, कारण त्यांच्या पोत्यांना गोठ्याचा वास. अप्पा लोकांना बोलावून दाखवायचे. एकदा तिने मुद्दाम चुकीचं सांगितलं होतं, आणि ते हसतील असं तिला वाटलं होतं. ते हसले नाहीत. "न्हाई आलं तर न्हाई आलं म्हण. अंदाजानं बोलू नको," इतकंच म्हणाले, आणि त्या दिवशी पुन्हा खेळले नाहीत. ते जाऊन सहा वर्षं झाली. गिरणी विकली. घेणाऱ्याने पट्टा काढून मोटर थेट जोडली.

अव्वा आत नायलॉनच्या साडीची घडी घालत होती. साडीतून चटचट आवाज आला. मंजुश्री दचकून उभी राहिली. "काय गं?" "काही न्हाई." कोपऱ्यात, अव्वाच्या बोटांपाशी, निळं काहीतरी चमकून गेलं, इवलंसं, तिळाएवढं. ते दुसऱ्या कुणालाच दिसलं नाही. तिला दिसलं.

शुक्रवारी सकाळी गेटवर तिने फोन लाकडी खणात ठेवला, नंबर अकरा, आणि वही घेतली. फेरी सुरू केली. पहिला पंप, दुसरा पंप. ती वाकली. लोखंडी जाळीखाली काळं पाणी होतं, त्यावर तिचा चेहरा. अगदी पुढे झाली, इतकी की जाळीचा गारवा ओठांना लागला. आत येत असलेलं काय आहे? ही हवा आहे का? डोळ्यांच्या कडांना किंचित थंड वाटलं, की वाटून घेतलं. जिभेच्या मागे गोडसर आलं, की तो चहा होता. ती अंदाज करत होती. वाकलेल्या स्थितीत तिला पलीकडून पितळी हातोड्याचा खोकला ऐकू आला, ठिणगी उडू नये म्हणून इथे हातोडेही पितळी, कुणीतरी अडकलेली झडप ठोकून सैल करत होतं, आणि तिच्या पाठीवरून घाम खाली गेला. वही उघडी होती. वरच्या ओळीत कालचं, परवाचं, तेच. एकाखाली एक, एकाच मापाची अक्षरं, जाळीच्या सळयांसारखी. तिने लिहिलं. वास नाही. मग शाई वाळेपर्यंत बघत राहिली.

वजनकाट्यावर सुगत होता. तिच्या आधी लॅबमध्ये तोच होता, तोच फेरी करायचा. ती आली तेव्हा त्याला काट्यावर पाठवलं. बाहेर रस्त्यावर नव्या सोयाबीनच्या गाड्या लागायला सुरुवात झाली होती. सोमवारपासून प्लांट पुऱ्या दमाने चालणार होता, रात्रंदिवस, चार महिने. "सुगत, तुझं नाक कधी गेलं?" तिने विचारलं. तो काट्याचे आकडे लिहीत होता, मान वर न करता म्हणाला, "नाक हाय की जाग्यावर. चष्मा अडकतो त्याच्यावर." "खरं सांग." "खरं सांगू? माझ्या लग्नात मेव्हण्यानं अत्तर लावलं. भारीतलं, हैदराबादचं. सगळे म्हणून राहिले वा वा, मी बी म्हणलो वा वा. त्या दिवशी कळलं." "आणि लग्नानंतर फेरी?" आता त्याने वर पाहिलं. "केली." "किती दिवस?" "तुम्ही येस्तोवर." तो हळूच म्हणाला, "खामखा दिमाग खराब करून घेऊ नका, मॅडम. काय झालं का त्या चार महिन्यांत? न्हाई झालं ना." रविवारी तिची सुट्टी असते. रविवारी अजूनही तोच फेरी करतो. हे तिला आधीपासून माहीत होतं आणि आत्ता कळलं.

मलप्पा डबा खात होते. भाकरी, आणि तिच्यावर इतकं तिखट की बघून डोळ्यांना पाणी यावं. "वीस वर्ष झाली पोरी, चव न्हाई कशाला. बायको म्हणती भाजीत काय कमी पडलं सांगा. मी म्हणतो मिरची." ते मनापासून हसले. तिने विचारलं, उद्या मी नसले तर? भाकरीचा तुकडा हातात राहिला त्यांच्या. "कुठं चाललीस?" "कुठं नाही. समजा." "मग नवा येईल." "तो येईपर्यंत?" "सुगत करंल." "त्याला वास येत नाही." मलप्पांनी तुकडा तिखटात बुडवला, तोंडात टाकला, चावला, गिळला. "म्हणून काय झालं?" ते म्हणाले. "फेरी तर होईल." तिला हे बोलणं इतकं साधं वाटलं की ती मान हलवून निघाली आणि लॅबच्या दारात पोचल्यावर तिथेच थांबली. फेरी तर होईल. रोज नऊला एक माणूस वाकत वाकत जाईल, वही भरेल, वहीवर सही होईल, नवी वही येईल. त्या सगळ्यांच्या पायांखाली ते सरपटत असेल किंवा नसेल.

शनिवारी ती रजा टाकून नांदेडला गेली. चाकूरच्या स्टँडवर दुसऱ्या बाजूला उभी राहिली तेव्हा आपल्याला कुणीतरी बघतंय असं वाटून तिने दोनदा मागे पाहिलं. अहमदपूर, लोहा, नांदेड. लॅब तिसऱ्या मजल्यावर होती, काचेची दारं, पांढऱ्या फरश्या, आतल्या माणसांच्या पायांत निळ्या पिशव्या. पुनम नावाची तिच्याच वयाची मुलगी सगळं दाखवत हिंडली. "इथं आपण काय करायचं न्हाई, मॅडम. बाटली आत ठेवायची, मशीन हुंगतं. आपण कागद वाचायचा." कागदावर एक रेघ सपाट चालली होती, मध्येच टोकासारखी वर जाऊन पुन्हा सपाट. "हे काय?" "पेंडीत सॉल्व्हंट किती राहिलं ते. लातूरकडच्या मिलांची येती ना पेंड. तीन दिवसांत रिपोर्ट." तीन दिवसांत. मंजुश्री त्या टोकाकडे बघत राहिली. इथे बसून, निळ्या पिशव्या घालून, ती तिच्या प्लांटचा तीन दिवसांपूर्वीचा श्वास वाचू शकली असती. अचूक, दशांश चिन्हासकट. मलप्पांचा, सुगतचा. आणि एखाद्या मंगळवारी त्या मिलची बाटलीच आली नसती. तेव्हा पुनम म्हणाली असती, अरे, लातूरची आली न्हाई का आज? भुजंग सरांनी चहा मागवला, चांगला माणूस होता, तिच्या मार्कांबद्दल, तिच्या गावाबद्दल मोकळेपणाने बोलला. लॅब इतकी स्वच्छ होती की तिथे वास नसेलच. तिने मनात म्हटलं, इथे मला वास येत नाही असं नाही, इथे वासच नाही, इथे आपण सगळे सारखे. बोलता बोलता पुनम उठली, काही न म्हणता तिच्या मागची खिडकी उघडली आणि परत येऊन बसली. एसी चालू होता.

तिने आदल्या दिवशी केस दोनदा धुतले होते.

रविवार. रविवार म्हणजे आत्ता, नऊ वाजून दहा मिनिटं, सुगत चौथ्या पंपापाशी असेल. आता जाळीशी. तो वाकतो का? की उभ्यानेच लिहितो? ती न्हाणीत बसून हातावर पाणी ओतत होती आणि तिकडे काय काय चालू असेल ते एकेक पाहत होती. हो म्हटलं तर सोमवारी संध्याकाळी राजीनामा, आठ दिवसांत नांदेड, खोलीला एक खिडकी, सकाळी उठून कशाशीच वाकायचं नाही. वाईट काही नाही त्यात. तिने काही केलेलं नाही. कुणी तिला विचारलं असतं की तुझ्यामुळे काय होणार आहे, तर उत्तर काही नाही असंच होतं. ती असली तरी वही तीच, नसली तरी तीच. मग फरक कशाचा? ती हे मनात उलटं फिरवून पाहत होती. राहिले तर मी खोटं लिहीन. गेले तर सुगत खोटं लिहील. गेले तर मला माहीत असेल. राहिले तरी माहीत असेल, पण मग मीही तिथेच असेन, त्यांच्याबरोबर, त्याच फरशीवर. हे काही कारण झालं का? ही तर शिक्षा झाली. मलप्पांना माहीत नाही असं नव्हतं, सुगतला माहीत होतं, नाकं मरतात हे सगळ्यांनाच माहीत होतं, आणि सगळे मिळून तिच्या एकटीच्या नाकावर टेकून उभे होते, जसा एखादा पडका मांडव एका खांबावर. तो खांब आतून पोकळ आहे हे फक्त खांबाला माहीत. तिने ठरवलं असं म्हणता येणार नाही. संध्याकाळी अव्वाने विचारलं, "काय लिहून राहिलीस?" तेव्हा तिला दिसलं की आपण वर्तमानपत्राच्या कडेवर एकच ओळ पुन्हा पुन्हा लिहिलीय. अक्षर वाईट येत होतं. लहान मुलासारखं.

सोमवारी गेटवर खणासमोर उभी राहून तिने भुजंग सरांना फोन लावला. दुपारपर्यंत थांबली असती तर कदाचित लावला नसता. "सर, मला जमणार नाही." ते म्हणाले, "इचार करून सांगताय ना, मॅडम? मागं लई जण हायत. आज दुसऱ्याला कळवावं लागेल." "कळवा, सर." फोन बंद करून तिने अकरा नंबरच्या खणात ठेवला. छाती मोकळी झाली, घोटभर. बाहेर गाड्यांची रांग वळणापर्यंत गेली होती, आतून प्लांटचा आवाज आज वेगळा होता, जाड, पायांतून ऐकू येणारा. ती फेरीला गेली नाही. मॅनेजरच्या केबिनबाहेरच्या बाकावर बसून तिने वही मांडीवर घेतली आणि तारखेपुढे लिहिलं: माझं नाक गेलं आहे. मला वास येत नाही. किती दिवसांपासून ते माहीत नाही. मागच्या नोंदी धरू नयेत. खाली पूर्ण नाव, सही. मग वही आत नेऊन टेबलावर ठेवली.

गुरुपादप्पांनी चष्मा लावून वाचलं. पुन्हा वाचलं. "हे काय लिहिलं, मंजूताई?"

"खरं लिहिलं, सर."

"खरं लिहायची वही न्हाई ही. फेरीची वही हाय." त्यांनी विनोद केल्यासारखं तिच्याकडे पाहिलं, पण चेहरा साथ देत नव्हता.

"प्लांट थांबवा, सर. भिंतीवरचं यंत्र साफ करून घ्या, पिशवी काढा. नाहीतर पुण्याहून दुसरं येईपर्यंत तरी."

"बाहेर गाड्या बघितल्या का? मालक मला थांबवंल आधी." ते उठले, दार लावलं, परत बसले. नगाऱ्याचा आवाज खाली आला होता. "कधीपासून?" हा प्रश्न येईल म्हणून ती थांबली होती, त्याचं उत्तरही तिने तयार ठेवलं होतं. त्यांनी तो विचारला नाही. "तुमचं वय काय, सव्वीस? चांगली शिकलेली पोरगी. जा की कुठंतरी चांगल्या जागी. लातूर म्हंजे काय दुनिया हाय का? जवळ नांदेड हाय, तिकडं बघा."

"तिकडचं आलं होतं, सर. मी नाही म्हटलं. आत्ताच."

त्यांचा हात वहीवरच होता. तो मुठीत मिटला आणि उघडला.

"नवा माणूस येईपर्यंत मी आहे," ती म्हणाली. "रोज हेच लिहीन. सुगतला लिहू देणार नाही. तुम्ही नवा माणूस घ्या, मग मी जाते."

"तुम्ही हायत तोवर नवा माणूस कसा घेऊ?" गुरुपादप्पा म्हणाले. "जागा एकच हाय, पोरी."

तिला हे समजायला जितका वेळ लागला तितका वेळ ते तिच्याकडे बघत राहिले, आणि त्या बघण्यात राग नव्हता, तिला राग चालला असता. सुगतला काट्यावर ढकलता आलं. आता काट्यावर सुगत होता, तिला ढकलायला दुसरी जागा नव्हती. भिंतीतून प्लांटची थरथर टेबलावरच्या पाण्याच्या पेल्यात उतरली होती, पाण्यावर एकात एक वर्तुळं. दार उघडून मलप्पांनी डोकं आत घातलं. "सायब, फुल लोड घेऊ का? फेरी झाली का?" गुरुपादप्पांनी वहीकडे पाहिलं. "झाली का, नाक?" त्यांनी हसून तिलाच विचारलं. तिचा फोन गेटवर होता, खणात, आणि गेटपर्यंतचं अंतर तिने मनात चालून पाहिलं. अडीचशे पावलं असतील. भुजंग सरांनी आत्तापर्यंत दुसऱ्याला कळवलं असेल किंवा नसेल. "न्हाई झाली," ती म्हणाली. "करते." वही उचलली आणि मलप्पांच्या मागे बाहेर पडली. पहिल्या जाळीपाशी ती गुडघे टेकून बसली, दोन्ही तळवे लोखंडावर ठेवले आणि तोंड खाली नेलं. पंपांचा आवाज चढत गेला.

नांदेडला मंजुश्रीचं नाव आणि नंबर गुरुपादप्पांनी दिला होता. तेव्हा तिला कामावर लागून एक्कावन्न दिवस झाले होते. तिच्या आधी सुगतचाही त्यांनीच दिला होता. तो गेला नव्हता.